आठाची डावी बाजू

मोठ्या साहेबांना बाटली हवी होती, आणि तीही फिरणारी.

"कॉम्प्युटर रिकामा बसला की पडद्यावर आपली बाटली फिरली पाहिजे. हळू, डौलात," ते म्हणाले. "शनिवारी बाहेरची खरेदीदार मंडळी येतायत. ज्या टेबलापाशी जातील तिथे बाटली दिसू दे."

मी म्हटलं, दिसेल. औषधाच्या बाटल्या बनवणारा कारखाना, त्यात चौदा कॉम्प्युटर, आणि त्यांच्यावरची यंत्रणा इतकी जुनी की तिची भाषा समजणारी माणसं आता दुहेरी काचेचे चष्मे लावून बसलीयत. त्यांतलीच मी एक. वय सत्तावन्न, घरी बसून शाळांच्या लायब्ररीचे प्रोग्रॅम लिहिते, आणि कुणी कौतुकानं "अय्या, काकू, तुम्हाला कॉम्प्युटर येतो?" असं विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साहेबांपुढे माझं नाव काढलं होतं भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. ते त्याच कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर आहेत. "आमच्या वहिनी करतील की," असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं म्हणे.

स्क्रीन सेव्हर लिहिणं ही काही फार मोठी विद्या नव्हे. तो एक साधा प्रोग्रॅमच असतो, फक्त नावाचं शेपूट वेगळं. बराच वेळ कोणी कशाला हात लावला नाही की यंत्रणा त्याला हाक मारते, आणि माऊस जरा हलला की त्यानं निमूट निघून जायचं. बोलावल्यावर यायचं, मालक आला की जागा सोडायची. शहाणा पाहुणा वागतो तसं. रविवार-सोमवार बसून मी बाटली फिरती केली. तिच्या खांद्यावरून उजेडाची एक तिरीप घसरताना दिसायची, तिच्यावर मी स्वतःच खूश होते.

मंगळवारी कारखान्यात भलतंच घडलं आणि बुधवारी सकाळी धाकट्या जावेचा फोन आला.

"ताई, हे कागदावर सही करणार म्हणतायत," ती म्हणाली. "तुम्ही तरी समजवा. माझं कोण ऐकतंय."

झालं होतं असं. गरम बाटल्या साच्यातून निघाल्या की एका लांबलचक भट्टीतून हळूहळू थंड करत न्याव्या लागतात, नाहीतर त्या आतल्या आत तडकतात. या भट्टीला कारखान्यात सगळे 'थंड भट्टी' म्हणतात आणि तिच्यात पाचशे ऐंशी अंश उष्णता असते. पडद्यावरचा आकडा बघून तो दर अर्ध्या तासानं वहीत लिहायचा, हे भावजींचं काम. मंगळवारी सकाळी एक बर्नर बंद पडला, उष्णता पाचशे तिसावर उतरली आणि दीड तास तिथेच राहिली. त्या दीड तासाचा सगळा माल पॅकिंगच्या टेबलावर एकेक करून तडकला. वहीत मात्र भावजींच्या स्वच्छ अक्षरात तीनदा पाचशे ऐंशी लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरनं स्वतःपुरती जी नोंद ठेवली होती, तीत पाचशे तीस. ऑफिसातल्या कोणीतरी वहीतल्या त्या तीन ओळींपुढे लाल पेन्सिलीनं 'खोटी नोंद' असं लिहून टाकलं.

आता दोनच गोष्टी संभवत होत्या. भावजींना दिसत नाही, किंवा त्यांनी न बघता लिहिलं. साहेबांनी त्यातल्या त्यात माणुसकी दाखवून पहिला रस्ता मोकळा ठेवला होता: 'माझी दृष्टी अधू झाली आहे' अशा कागदावर शुक्रवारी सही करा आणि भट्टी सोडून पॅकिंगला जा. सही केली नाही, तर दुसरं खरं धरून कायमचे घरी.

मी फोन भावजींकडे द्यायला लावला.

"वहिनी, काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "म्हणाले, डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. खराब निघाले असते तर बरं झालं असतं."

"भावजी, तुम्ही पडद्याकडे बघितलं होतंत ना?"

"बघितलं हो. पाचशे ऐंशीच बघितलं. पण मशीन म्हणतंय तीस. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?" जरा थांबून ते म्हणाले, "मलाच आता वाटायला लागलंय, की मी सवयीनं लिहिलं असेन."

हे ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला. हा माणूस दूध तापायला ठेवलं की ते वर येईपर्यंत भांड्यासमोरून हलत नाही. जाऊबाई ओरडते, "अहो, गॅस बारीक आहे, दहा मिनिटं लागतील," तरी हलत नाही. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून भट्टी सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला होता.

"शुक्रवारपर्यंत तुम्ही कशावरही सही करायची नाही," मी म्हटलं. "कुरियरवाल्याच्या कागदावरसुद्धा नाही."

बोलायला बोलले, पण खरं सांगायचं तर माझ्याकडे काहीही नव्हतं. होती फक्त एक फिरणारी बाटली.

ती घेऊन दुपारी मी कारखान्यात गेले. तिथली कॉम्प्युटरांची व्यवस्था एक पस्तिशीतला गृहस्थ बघतो. चौदाही मशीनचे पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतात, म्हणून सगळा कारखाना त्याला 'पासवर्ड' म्हणतो आणि तो ओ देतो. हाताची घडी घालून तो माझ्या मागे मागे फिरत होता.

पहिल्याच मशीनवर मी हात दाखवून अवलक्षण केलं. स्क्रीन सेव्हर निवडायच्या खिडकीत एक छोटासा मॉनिटर काढलेला असतो. त्यात नमुना छोटा दिसायला हवा. यंत्रणा त्यासाठी वेगळी हाक मारते आणि ती हाक ऐकायला मी माझ्या प्रोग्रॅमला शिकवलंच नव्हतं. त्यामुळे पासवर्डनं यादीत बाटली निवडताच बाटलीनं अख्खा पडदा गिळला. परत यादीवर यावं, तर परत बाटली.

"छान आहे," तो म्हणाला. "हिला आवरायची कशी तेवढं सांगा."

दहा मिनिटांत मी ते दुरुस्त केलं आणि मग तेरा मशीनवर बाटली बिनतक्रार फिरली. चौदावं राहिलं, थंड भट्टीच्या खोलीतलं.

"तिथे कशाला?" पासवर्ड म्हणाला. "तिथला पडदा झाकून चालत नाही."

"साहेब चौदा म्हणाले," मी म्हटलं. साहेब चौदा म्हणाले होते हे खरं, पण मला ती खोली बघायची होती हे त्याहून खरं.

खोली म्हणजे भट्टीला लागून काढलेला एक आडोसा. छपरात उजेडासाठी दोन धुरकट पारदर्शक पत्रे, भिंतीला टेकवलेलं लोखंडी टेबल, त्यावर मागे हे एवढं पोट असलेला जुना मॉनिटर. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे. खुर्चीत भावजी बसले होते, हात मांडीवर ठेवून. वही त्यांच्याकडून काढून घेतली होती. आकडा आता मशीनच नोंदवत होतं, यांनी फक्त बसायचं. मला बघून ते उठले, रुमालानं खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा, वहिनी." 

बाटली बसवली, सुरू केली. ती आली आणि गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. तिसऱ्यांदाही तेच.

"या मशीनमध्येच काहीतरी आहे," मी म्हटलं.

"हो ना," पासवर्ड म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझे कान तापले. नवशिक्यांची एक ठरलेली चूक असते. स्क्रीन सेव्हर सुरू होताना यंत्रणा स्वतःच माऊस हलल्याची एक खोटी वर्दी देते, आणि भाबडा प्रोग्रॅम तिच्यावर विश्वास ठेवून जन्मतःच निघून जातो. पण ती चूक मी वीस वर्षांपूर्वीच करून, तिच्यापायी रडून मोकळी झाले होते. माझा प्रोग्रॅम पडद्यावरच्या माऊसच्या बाणाची पहिली जागा लक्षात ठेवायचा आणि बाण तिथून खरोखर हलला तरच उठायचा. मी चार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, बाण कुठे आहे ते सतत सांगत राहायचं. मग माऊसवरचा हात काढला आणि सगळ्यांना मागे सरकायला लावलं.

चारशे बारा. चारशे तेरा. चारशे बारा. चारशे अकरा. चारशे तेरा.

कोणाचा हात लागलेला नव्हता आणि बाण जागच्या जागी थरथरत होता.

"मागे ब्लोअर आहे ना," भावजी भिंतीकडे मान करून म्हणाले. "टेबल कायम थरथरतं. पेल्यातल्या पाण्यावरसुद्धा वळ्या असतात. आम्हाला आता कळतही नाही."

माऊस जुना, पोटात रबरी गोळी असलेला. टेबलाबरोबर गोळी थरथरायची आणि यंत्रणेला वाटायचं, माणूस आहे. म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं. मी वळून पासवर्डकडे बघितलं, तेवढ्यात त्यानं खिशातून फोन काढून त्यात डोकं घातलं.

एरवी मी त्याला असा सोडला नसता. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सरकलं होतं.

"या मशीनवर आधी कुठला स्क्रीन सेव्हर होता?" मी विचारलं.

"साधाच. सगळ्यांवर दहा मिनिटांचा लावलाय. माझ्या यादीत खूण आहे."

"इथे चालताना कधी पाहिलात?"

यादीतली खूण आणि डोळ्यांनी बघणं यांतला फरक त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला. उत्तर भावजींनी दिलं. "इथे कधीच काही येत नाही हो. हा मॉनिटर अकरा वर्षांपूर्वी आला, तेव्हापासून हेच आकडे, याच जागी. रात्रंदिवस."

मी खुर्चीत मागे टेकले. स्क्रीन सेव्हरचा जन्म बाटल्या नि मासे फिरवायला झालेला नाही, हे आता कोणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. या पोटवाल्या मॉनिटरांवर एकच चित्र एकाच जागी फार दिवस राहिलं, तर काचेच्या आतला लेप तेवढ्याच जागी जळतो आणि डाग कायमचा उरतो. पडदा वाचवायचा म्हणून तर ते नाव. इथे अकरा वर्षं पडदा वाचवणारा दारात ताटकळत होता आणि थरथरतं टेबल त्याला आत येऊ देत नव्हतं.

"मला पडदा पूर्ण पांढरा करायचाय," मी म्हटलं. "दहा सेकंद."

"भट्टी चालू आहे, मॅडम. साहेबांना विचारल्याशिवाय कसं..."

"दहा सेकंदांत बाटली मरत नाही," भावजी म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज भट्टीवरच्या माणसासारखा आला.

पांढरा केला. पांढऱ्यावर जळकं उठून दिसलं: चौकटीच्या रेघा, वरच्या ओळीतली अक्षरं, आणि बरोबर मध्यभागी तांबूस करड्या रंगात एक पाच, एक आठ. तिसऱ्या जागी नुसताच धूसर डाग होता, कारण एकं सारखे बदलायचे. पाच आणि आठ अकरा वर्षं जागचे हलले नव्हते.

पडद्यावरचे आकडे इंग्रजी. आणि इंग्रजी तीन म्हणजे तरी काय, डावी बाजू नसलेला आठ. मंगळवारी तिथे हिरवा तीन उमटला, तेव्हा त्याची डावी बाजू काचेवर आधीपासून तयार होती.

"भावजी," मी म्हटलं, "तुम्ही बरोबर वाचलंत. पडद्यावरच चुकीचं लिहिलेलं होतं."

"दाखवून बघू," पासवर्ड म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं. मी त्याच जागी, त्याच हिरव्या रंगात पाचशे तीस उमटवलं आणि तिघांनी वाकून बघितलं.

पाचशे तीस. चक्क, स्वच्छ पाचशे तीस.

"डाग आहे, मान्य," पासवर्ड म्हणाला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "पण वाचता येतंय, मॅडम. साहेब हेच म्हणतील."

भावजींचा चेहरा पुन्हा मिटला. "राहू द्या, वहिनी. तुम्ही एवढं केलंत, पुष्कळ झालं."

'पुष्कळ झालं' हे शब्द मला कधीच मानवलेले नाहीत. मी खोलीभर बघितलं. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, खोलीत सावली होती. वर ते दोन धुरकट पत्रे होते.

"या पत्र्यांतून ऊन कधी येतं?"

"दहा-साडेदहाला येतं," भावजी म्हणाले. "पार पडद्यावर पडतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असतं."

"आणि बर्नर बंद पडला कधी?"

"पावणेअकरा," पासवर्ड हळूच म्हणाला. "सव्वाबारापर्यंत."

सावलीत फक्त पेटलेला आकडा दिसतो. उन्हात डागही दिसतो, आणि अकरा वर्षं झिजलेला हिरवा इतका फिका पडतो की पेटलेलं कुठलं आणि जळलेलं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. निदान मला तसं वाटत होतं. खात्री करायला ऊन हवं होतं आणि ऊन उद्यावर गेलं होतं.

"शुक्रवारी सहीसाठी किती वाजता बोलावलंय?"

"दहाला," पासवर्ड म्हणाला, आणि मी काही सांगायच्या आत त्यानं डायरी काढली. "साहेबांची दहाची वेळ दुसरीकडे लावतो. अकराला घेऊ. इथेच."

गुरुवारी दिवसभर ढग होते. खिडकीतून आभाळाला नावं ठेवत मी लिहीत बसले. आमचे हे दोनदा येऊन "जेवायचं आहे का?" विचारून गेले; तिसऱ्यांदा ताट टेबलावर ठेवून न बोलता गेले. चौतीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

आधी एक पहारेकरी लिहिला. यंत्रणा तर टेबलाला माणूस समजत होती, ती आपणहून स्क्रीन सेव्हरला कधीच हाक मारणार नव्हती. ती हाक आता पहारेकरी मारणार होता. त्याला एकच नियम शिकवला: बाण बोटभर हलला तर माणूस, त्याहून कमी हलला तर टेबल.

मग खरा स्क्रीन सेव्हर. भट्टीचा पडदा झाकून चालत नाही ना? मग झाकायचाच नाही. तिथला प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी उष्णतेचा आकडा एका फाइलमध्ये टाकतो, तो तिथूनच उचलायचा आणि वीतभर उंचीचा करून दाखवायचा, आणि एका जागी अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. आधी मी तो तरंगत ठेवला होता, तर काचेवर माशी फिरतेय असं वाटायला लागलं. मग उड्या मारायला लावल्या. फाइल शिळी झाली तर आकडा न दाखवता नुसत्या रेघा दाखवायच्या, म्हणजे जुन्या आकड्यावर कोणी विसंबायला नको. आणि अंक तयार घेतले नाहीत, दहाही स्वतः काढले. तिनाचं डोकं सपाट केलं, मान टोकदार केली. आठानं कितीही सोंग घेतलं तरी तो तीन दिसू नये आणि तिनानं आठ. दुपारी चार वाजता मी चष्मा काढून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तिथून आकडा वाचला. घडघडीत वाचला. आपल्या हातून काहीतरी खरोखरच चांगलं झालंय, हे कळायला दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही. मी एकटीच हसले.

शुक्रवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. तरी मी टेबलावरचा मोठा दिवा पिशवीत घातला. सूर्यावर एवढा भरवसा ठेवायचं माझं वय राहिलेलं नाही.

अकरा वाजता थंड भट्टीच्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब, पासवर्ड, भावजी आणि मी. टेबलाच्या कोपऱ्यावर ती वही, वहीवर सहीचा कागद, कागदावर पेन. छपरातून उन्हाचा पट्टा सरळ पडद्यावर उतरला होता. मी दिवा पिशवीतच ठेवला.

"मॅडम, बाटलीचं काम छान झालंय," साहेब म्हणाले. "पण या प्रकरणात तुमचं काय काम ते मला कळलेलं नाही."

"पाच मिनिटांचं आहे, साहेब. तुम्ही या खुर्चीत बसा. मी भट्टीचा पडदा होता तसाच दाखवते, आकडे फक्त मी टाकलेले असतील. तुम्ही मोठ्यानं वाचा."

"माझे डोळे तपासताय?"

"हो," मी म्हटलं.

ते हसले आणि बसले. चष्मा पुसला, पुढे वाकले. मी पहिला आकडा दिला.

"पाचशे चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. बरोबर होतं. पुढचा. "पाचशे एक्क्याऐंशी." तोही बरोबर. तिसरा. "शहाऐंशी. पाचशे शहाऐंशी. अजून किती आहेत?"

"एकच."

माझं बोट त्या बटणावर होतं.  या क्षणी साहेबांनी खरा आकडा वाचला असता, तर भावजी संध्याकाळपासून आंधळे ठरणार होते, नाहीतर खोटारडे. मी बटण दाबलं.

"पाचशे ब्याऐंशी," साहेब म्हणाले.

"नीट बघून सांगा."

त्यांनी नाक पडद्याला लागेल इतकं पुढे नेलं. "ब्याऐंशी हो. पाच, आठ, दोन. यात नीट काय बघायचं?"

"तुम्ही सांगा," मी पासवर्डला म्हटलं. तो खुर्चीमागून वाकला. बुधवारी त्यानं डाग बघितला होता, सगळं माहीत होतं, तरी तो कितीतरी वेळ बघत राहिला. "ब्याऐंशीच दिसतंय," तो शेवटी म्हणाला.

"भावजी?"

भावजी दाराशी उभे होते. पुढे आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा श्वास मला ऐकू आला. "मलाही ब्याऐंशीच दिसतंय, साहेब," ते म्हणाले.

पासवर्डला मी आधीच एक पुठ्ठ्याचं खोकं फाडून दिलं होतं. त्यानं पुठ्ठा वर धरला आणि उन्हाचा पट्टा अडवला. पडद्यावर सावली आली. आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आठाची डावी बाजू नाहीशी झाली.

पाचशे बत्तीस.

 साहेबांनी पासवर्डचा हात धरून पुठ्ठा बाजूला केला. ब्याऐंशी. पुन्हा पुढे ओढला. बत्तीस. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग मी पडदा पांढरा करून त्यांना अकरा वर्षांचा पाच आणि अकरा वर्षांचा आठ दाखवला, टेबलावर पाण्याचा पेला ठेवून त्यातल्या वळ्या दाखवल्या, आणि हा पडदा एकदाही का विसावला नाही ते सांगितलं. मी हे सगळं शांतपणे सांगितलं असं मला वाटत होतं. पासवर्ड नंतर म्हणाला की मी ओरडत होते, आणि ब्लोअरच्या वर माझा आवाज पॅकिंगपर्यंत गेला होता. गेला असेल. मला इतका आनंद झाला होता की त्या भरात मी साहेबांना एकदा 'अरे' म्हणाले.

"उद्याच नवा मॉनिटर मागवा," साहेब पासवर्डला म्हणाले. मग त्यांनी तो सहीचा कागद उचलून चारदा फाडला आणि भावजींकडे वळले. "झालं गेलं विसरून जा. वही घ्या आणि बसा कामाला."

भावजी जागचे हलले नाहीत.

"विसरतो, साहेब," ते म्हणाले. "पण वहीत अजून ते लाल अक्षर आहे."

"खोडून टाकू की."

"खोडलं तर खोडलेलं दिसेल. उद्या मी नसेन, वही असेल. ज्याच्या हातात पडेल त्याला वाटेल, या माणसाचं काहीतरी झाकलंय." एवढं बोलायलाही त्यांना श्रम पडत होते, पण ते थांबले नाहीत. "तुम्ही इथे बसून काय वाचलंत, तेवढं त्याच्याखाली लिहा. तुमच्या हातानं."

बावीस वर्षांत या माणसानं कारखान्यात कोणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नव्हतं. साहेबांनाही नसावं.  मग त्यांनी वही उघडली, मंगळवारचं पान काढलं, आणि लाल पेन्सिलीच्या खाली पेनानं लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं: "ही नोंद दिसली तशीच केलेली आहे. त्याच खुर्चीत, त्याच उजेडात बसून मीही हेच वाचले." खाली सही, तारीख, वेळ. पासवर्डनं कोणी न सांगता पेन घेतलं आणि त्याखाली आपलीही सही ठोकली.

मी माझा स्क्रीन सेव्हर सुरू केला. पहारेकऱ्यानं टेबलाची थरथर मोजली, माणूस नाही असं ठरवलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो पडदा अंधारला. मग डाव्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा आकडा उमटला, अर्ध्या मिनिटानं उडी मारून उजवीकडे गेला. ऊन होतं तसंच पडलेलं होतं, त्याचं काही चाललं नाही. साहेब दारापर्यंत मागे मागे चालत गेले आणि तिथूनही त्यांनी तो वाचला.

भावजी खुर्चीत बसले. त्यांनी वही पुढ्यात ओढली, नवं पान काढलं, तारीख घातली. साडेअकरा वाजत आले होते. साहेबांनी मघाशी वाचलेला आकडा सांगायला तोंड उघडलं, तर भावजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी बघतो, साहेब," ते म्हणाले. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि लिहिलं.